टॉवेलाखालचे मार्क

"पळा! टाकी फुटली!"

मी ओरडलो आणि धोतराचा सोगा हातात धरून धावत सुटलो. समोर अ‍ॅझ्युर बे रिसॉर्टची पोहायची निळीशार टाकी होती आणि तिला पलीकडच्या बाजूला काठच नव्हता. पाणी सरळ खाली समुद्रात सांडत होतं. आम्ही दुष्काळी जत तालुक्यातली माणसं. सांडलेलं तूप एक वेळ बघून घेऊ, पण वाया जाणारं पाणी आम्हाला बघवत नाही. टाकीच्या टोकाला जाऊन मी आडवा पडणार आणि माझ्या अंगाचा बांध घालणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"तात्या, उठा. ती तशीच बांधलीय."

आवाज मालनबाईंचा होता. त्या पायरीवर उभ्या राहून शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"तशीच म्हंजे? गवंडी काम टाकून पळून गेला व्हय?"

"त्याला इन्फिनिटी पूल म्हणतात. खाली दुसरी टाकी असते. पाणी तिथं साठतं आणि पंपानं परत वर येतं."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"सांगणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही धावताना बरे दिसत होता."

ह्याला आता बारा वर्षं झाली. त्या वेळी माझं वय सदुसष्ट होतं. पण ते वाक्य ऐकल्यावर मी जो उठलो, तो सत्तावीस वर्षांच्या गड्यासारखा टुणकन उठलो. गुडघासुद्धा वाजला नाही.

आम्ही दोघं तिथं कसे, ते सांगतो. माझा बालमित्र हिंदुराव आणि त्याची बायको सगुणाअक्का ह्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांचा मुलगा दिनकर कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यात त्यानं चांगलं नाव काढलेलं. त्याच्या मनात आलं, आईबापाला आणि सगळ्या गोतावळ्याला आठ दिवस समुद्रकाठी न्यायचं, तेही असल्या-तसल्या ठिकाणी नाही, तर जिथं मंत्रीसुद्धा विचार करून जातात अशा ठिकाणी. कोकणातल्या एका खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन रिसॉर्ट होती. अलीकडं अ‍ॅझ्युर बे, पलीकडं समुद्रमहाल. हिंदुरावला फोटोत एक आवडलं, अक्काला दुसरं. महिनाभर घरात भाकरी करपत राहिली.

शेवटी हिंदुराव म्हणाला, "फोटोवर कुणी बैल घेतो का? गुंड्याला पाठवा. तो बघून येईल."

गुंड्या म्हणजे मी. गुंडा केंगार. चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. बैलाच्या शिंगांना तेल किती आणि अंगात दम किती, हे मी पन्नास पावलांवरून सांगायचो.

अक्का काही कच्ची नव्हती. "भावजी तुमचे दोस्त. ते तुमच्याच बाजूनं निकाल देणार. माझ्याकडून मालन जाईल."

मालनबाई ही अक्काची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स. अर्ध्या तालुक्याला पहिला फटका मारून रडायला त्यांनीच शिकवलं. म्हणून लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी विधुर होऊन अकरा वर्षं झाली होती, त्या एकट्या पडून एकोणीस. दिनकरनं अट घातली: दोघांनी मिळून एकच नाव सांगायचं, आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत. त्यानंतर दोन्ही जागा लग्नवाल्यांकडं जाणार होत्या.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती दिनकरच्या अटीत नव्हती. पुढच्या सोमवारी मालनबाई कायमच्या बंगळूरला मुलाकडं निघाल्या होत्या. तिकीट काढून झालेलं. इतकी वर्षं बाजारला जाताना मी दवाखान्यावरून वाट वाकडी करून जायचो. कधी पायाला लागलं म्हणून, कधी लागलं नाही हे दाखवायला म्हणून. सोमवारनंतर त्या वाटेला काही अर्थ उरणार नव्हता. माझ्या हातात रविवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार एवढाच वेळ होता, आणि सांगायचं एकच वाक्य होतं.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. पण माझी अडचण निराळी. मी जन्मभर इतक्या थापा मारल्या आहेत, की माझं खरं कुणी धरत नाही. माझ्या एका खिलार बैलाला घड्याळ कळायचं, हे मी सगळ्या तालुक्याला पटवलं होतं. एकदा माझी कडब्याची गंजी पेटली. मी बोंब मारत पारावर गेलो, तर लोक मांडी घालून सरकून बसले आणि म्हणाले, "मग? पुढं काय झालं तात्या?" गंजीची राख झाल्यावर उठले. अशा माणसानं एखाद्या बाईला जाऊन सांगावं की तुमच्यावाचून मला करमणार नाही, तर ती काय म्हणेल? पुढं काय झालं, असंच विचारेल.

तर रविवारी आम्ही अ‍ॅझ्युर बेमध्ये उतरलो. दोन वेगळ्या खोल्या. माझी खोली एवढी मोठी की पलंगापासून दारापर्यंत जाताना मी मध्ये एकदा बसलो. बटण दाबलं की पडदे सरकत, दुसरं दाबलं की दिवे मंद होत. संडासात पाऊल टाकलं तर भांड्याचं झाकण आपोआप उघडलं. मी हात जोडून मागं फिरलो. म्हटलं, आत कुणीतरी आहे. गादीचं तर विचारू नका. रात्री झोपलो तो पोटावर आणि सकाळी वर यायला मला हाका माराव्या लागल्या.

मालनबाईंची तपासणी वेगळी. त्या चादरीचा कोपरा उचलून खाली बघायच्या, पेल्याला नाक लावायच्या, वाढणाऱ्या पोरीला आधी हात धुवून यायला सांगायच्या. मी माझ्या पद्धतीनं रिसॉर्टच्या मागच्या बाजूला जायचो. बैल पुढून सगळेच छान दिसतात. मागं भटारखान्याचं गटार कसं आहे, धुणं कुठं वाळतं, नोकर जेवायला कुठं बसतात, हे मी बघायचो.

सोमवारी सकाळी न्याहारीला तिथले मॅनेजर नाबरसाहेब आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मोठ्या गोतावळ्याची वर्दी मिळणार, ह्या आशेनं ते आमच्या तोंडाकडं असं बघत, जसा बैलाचा मालक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघतो.

"कसं वाटलं, मॅडम? दहापैकी किती द्याल?"

मालनबाई माझ्याकडं वळल्या. "ह्यांच्यासमोर कसं बोलायचं?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघांच्या मध्ये टेबलावर पसरला. "सिस्टर, हात घाला खाली."

"काय?"

"बाजारात आम्ही भाव असाच करतो. तोंड वाटेल ते बोलतं, पण खरा भाव टॉवेलाखाली. एक बोट धरलं की एक. पंजा धरला की पाच. पंजा धरून वर दोन बोटं दाबली की सात. नाबरसाहेबांना कळायचं न्हाई."

"आणि सौदा झाला हे कसं कळतं?"

"हात सोडला न्हाई, की झाला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं आणि हात टॉवेलाखाली घातला. त्यांच्या बोटांना इतक्या वर्षांच्या साबणाचा खरखरीतपणा होता. त्यांनी माझा पंजा धरला आणि वर तीन बोटं दाबली. आठ.

अ‍ॅझ्युर बे खरोखर आठाचं होतं. मी सकाळीच ठरवून टाकलं होतं. पण मी आठ म्हटलं असतं तर काम तिथंच निम्मं उरकलं असतं. मी तीन बोटं धरली.

"तीन?" मालनबाईंनी हात काढला. "तीन कसे?"

"तोंडानं बोलायचं न्हाई असं ठरलं हुतं."

नाबरसाहेबांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, पण माझाही इलाज नव्हता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. बाजारात तोंडानं मी डोंगराएवढं खोटं बोललोय, पण टॉवेलाखाली कधी नाही. टॉवेलाखाली खोटं बोलणाऱ्याला परत कुणी हात देत नाही. माझा हात खोटं बोलला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

दुपारी होडीनं खाडी ओलांडून आम्ही समुद्रमहालात गेलो. तिथला थाटच वेगळा. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छपरं, पितळेची घंगाळं, आणि प्रत्येक पाहुण्यामागं एक फेटेवाला. माझा फेटेवाला इतका जपून वागायचा की मी जांभई दिली तरी तोंडासमोर हात तोच धरायचा. जेवणाला ताट नव्हतं, परात होती. सोलकढीच्या वाट्या मी मोजायच्या सोडून दिल्या. शेवटी आचारी स्वतः बाहेर येऊन विचारू लागला, एवढी कढी कोण पितंय, बघू तरी.

तिथल्या मॅनेजरांचं नाव केरकर. त्यांच्याही नजरेत तोच बैलाच्या मालकाचा भाव. परत टॉवेल पसरला. मालनबाईंनी ह्या खेपेला पंजा धरून वर चार बोटं दाबली. नऊ.

मी दोन दिले.

"दोन!" त्या उसळल्या. "तात्या, तुम्ही चौथ्यांदा श्रीखंड मागून घेतलंत!"

"श्रीखंड बरं हाय. पण चाल बरोबर न्हाई."

"इमारतीची चाल?"

"इमारत उभी राहते कशी, त्यावरून कळतं सिस्टर. हे उजव्या पायावर जोर देतंय."

त्या हसल्या नाहीत. टॉवेलाखालचा हातही त्यांनी जरा वेळ तसाच ठेवला, काहीतरी मोजत असल्यासारखा. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पलीकडं परत जाऊन बघू."

मला वाटलं, देव पावला.

मंगळवार आणि बुधवार आम्ही त्या खाडीत घिरट्या घातल्या. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. कुठं जायचं, हे होडीवाला फोंडू विचारायचाही थांबला. नाबरसाहेबांनी आमच्यासाठी बागेत सतारवाला बसवला, म्हणून केरकरांनी सनईवाला बसवला. एकानं पायाला तेल चोळायला माणूस दिला, तर दुसऱ्यानं डोक्याला. मी एका काठावर पाय आणि दुसऱ्या काठावर डोकं चोळून घेत होतो. आणि प्रत्येक जेवणानंतर टॉवेल. मालनबाईंना एक आवडलं की मी त्याला खाली ओढायचो. त्या नमतं घेऊन माझ्या बाजूला आल्या की मी उठून दुसऱ्याची तारीफ सुरू करायचो. त्या रागवत नव्हत्या, हेच मला नवल वाटायचं. एरवी औषधाची एक मात्रा चुकवली तर त्या माणसाला दवाखान्याबाहेर काढायच्या.

बुधवारी दुपारी वाळूत छत्रीखाली बसलो होतो. मी म्हटलं, "बंगळूरला समुद्र न्हाई म्हणं."

"नाही."

"मग काय हाय?"

"मुलगा आहे. सून आहे. अकराव्या मजल्यावर एक खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते."

"बरं असतं अकराव्या मजल्यावर," मी म्हणालो. "डास चढत न्हाईत. आमच्या पाहुण्यांपैकी एकजण विसाव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडं ढग येऊन चहा पिऊन जातात."

त्या माझ्याकडं वळल्या. "तात्या, तुम्ही कधी सरळ बोलता का हो?"

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात केरकरांचा फेटेवाला शहाळी घेऊन आला, आणि मी त्या शहाळ्याची अशी काही स्तुती सुरू केली की तो बिचारा नारळही लाजला असेल. मालनबाई उठून पाण्याच्या दिशेनं चालत गेल्या. मी स्वतःला शिव्या देत बसलो.

गुरुवार उजाडला. साडेअकराला आम्ही अ‍ॅझ्युर बेच्या धक्क्यावरून होडीत बसलो, शेवटचं एकदा पलीकडं बघायला. मागं नाबरसाहेब उभे, पुढच्या धक्क्यावर केरकर उभे. दोघं आमच्याकडं बघून हात हलवत होते. खाडीच्या मध्यावर आल्यावर मालनबाई म्हणाल्या, "फोंडू, थांबव होडी."

फोंडूनं वल्हं उचललं. तो शहाणा माणूस. तोंड समुद्राकडं करून विडी पेटवून बसला.

"टॉवेल पसरा, तात्या."

मी पसरला. हात आत घातला. त्यांनी हात घातला, पण माझी बोटं धरली नाहीत. तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवली.

"हे कुठले मार्क?"

"सोमवारपासून बघतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दोन द्या नाहीतर आठ द्या, माझी बोटं दर वेळी तुमच्या मनगटाला लागतात. दर वेळी नाडी एकशेदहा. तात्या, हॉटेल बघून कुणाची नाडी एवढी धावत नाही."

माझ्या तोंडाला कोरड पडली. खाडीभर पाणी असून.

"आणि मार्क सगळे खोटे," त्या पुढं म्हणाल्या. "खरं ना?"

"खरं."

"का?"

"निकाल लागला असता, तर आपण घरी गेलो असतो."

"मग जायचं नव्हतं?"

"सिस्टर," मी म्हणालो, "सोमवारी बंगळूरला जाऊ नका. माझ्याकडं या. लग्न करून या. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे, मी त्यांना त्याहून मोठं काहीतरी सांगीन."

फोंडूच्या तोंडातली विडी पाण्यात पडली. मालनबाई माझ्याकडं एकटक बघत होत्या.

"ही थाप आहे का?"

"नाडी बघा."

त्यांनी दुसरा हात उचलला, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. एकतीस वर्षांची सवय. म्हणाल्या, "मिनिट पुरं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

माझ्या आयुष्यात मी एवढा वेळ गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही. होडी जागच्या जागी डोलत होती. मागच्या धक्क्यावर नाबरसाहेब टाचा उंचावून बघत होते, पुढच्या धक्क्यावर केरकर. त्यांना वाटत होतं, आमचा त्यांच्या रिसॉर्टवरून सौदा चाललाय. मालनबाईंचे ओठ हळूहळू हलत होते. पन्नास... साठ... नव्वद... मिनिट झालं. घड्याळाचा हात खाली आला.

मनगटावरची तीन बोटं खाली सरकली, तळहातावर आली, आणि पंजात पंजा अडकला. मी वाट बघितली, आता किती दाबतील. त्यांनी काहीच दाबलं नाही. हात सोडलाही नाही.

"किती झाले मार्क?" मी विचारलं.

"मोजू नका आता."

"मग तुम्ही तीन दिवस का फिरत होता माझ्याबरोबर? नाडी तर सोमवारीच कळली हुती."

"अक्काचे गुडघे गेलेत," त्या म्हणाल्या. "अ‍ॅझ्युर बेला समुद्रावर उतरायला बेचाळीस पायऱ्या आहेत. समुद्रमहालातून ती सपाटीनं चालत जाईल. माझा निकाल सोमवारी दुपारी जेवायच्या आधीच लागला होता."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

"तुम्हाला दोन मार्क द्यायची एवढी हौस होती. म्हटलं, देऊ देत."

मी मोठ्यानं हसलो. त्याही हसल्या, चष्मा काढून, डोळे पुसत. फोंडू मागं वळून बघू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "फोंडू, केरकरांच्या धक्क्याला घे. आणि नाबरसाहेबांना परत जाताना सांग, त्यांचे आठ मार्क खरे होते."

इतक्यात फोन वाजला. बाराला पाच कमी. दिनकर कोइमतूरहून सुट्टी काढून घरी आला होता. फोनमधून घरातला सगळा कालवा ऐकू येत होता. मागं हिंदुराव विचारत होता, "गुंड्यानं काय सांगितलं?" आणि अक्का म्हणत होती, "मालन बोलू दे आधी."

मी फोन मालनबाईंकडं दिला. टॉवेलाखालचा हात त्यांनी तसाच ठेवला होता, म्हणून फोन त्यांनी डाव्या हातात धरला.

"दिनकर, समुद्रमहाल."

"दोघांचं एकमत?"

"पक्कं एकमत."

"छान झालं, मावशी. मी लगेच त्यांना पंधरा खोल्या सांगतो."

"चौदा सांग."

"नाही गं, यादी माझ्यासमोर आहे. आईबाबांची एक, आमची एक, काकांच्या दोन... तुझी एक, तात्यांची एक. पंधरा होतात."

"मला मोजता येतं, दिनकर. चौदा."

फोनमध्ये यादीचा कागद उलटल्याचा आवाज आला. मग दिनकर चाचरत म्हणाला, "पण मावशी, मग तात्या कुठं..."

आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून सगुणाअक्काचा आवाज खणखणला, "अरे दिनकऱ्या, मुकाट्यानं चौदा सांग!"